गोडदेवातली रंगीत तालीम

गुरुवारी सकाळी अकरा वाजता आमच्या गल्लीत पूर येणार होता, आणि मी इतकी खुशीत होते की चहात दोनदा साखर घातली. सासूने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि कप मुकाट्याने बेसिनमध्ये ओतला.

पूर अर्थातच खोटा होता. रंगीत तालीम. मी ज्या खाजगी कंपनीत कंत्राटावर काम करते तिच्याकडे मीरा-भाईंदरच्या हवामान आराखड्यातला पुराचा भाग आहे. भरती कुठवर चढेल, पाणी कुठे तुंबेल, आणि तसं झालं तर कुणी काय करायचं, हे सगळं दोनशे पानांत बसवायचं. ऑफिस मीरा रोडला, शांती नगरात, दुकानांच्या रांगेवर पहिल्या मजल्यावर. खाली फरसाण तळतात, वर आम्ही भविष्य लिहितो. आमचे साहेब भूपेशभाई मनाने चांगले, पण एक्सेलच्या चौकटीत जे बसत नाही ते जगात नाहीच, अशी त्यांची श्रद्धा.

त्या आराखड्यात बायकांसाठी आठवं प्रकरण आहे. अर्धं पान. त्यातलं मुख्य वाक्य: 'महिलांमध्ये हवामान बदलाविषयी जनजागृती करावी.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोक्यात तिडीक गेली. गुडघाभर पाण्यात उभ्या कोण राहतात, तर बायका. आणि जागं कुणाला करायचं, तर त्यांनाच.

पण माझं खरं भांडण आठव्या प्रकरणाशी नव्हतं, तिसऱ्याशी होतं. तिसरं प्रकरण म्हणजे इशारा. घरपट्टीच्या नोंदीतले मोबाइल नंबर घ्यायचे आणि पाणी चढणार असलं की त्यांवर मेसेज सोडायचा. आमच्या गल्लीतली एकशे चाळीस घरं. ती यादी मी टाइप केली होती, माझ्या या दोन हातांनी.

आता आमचं गोडदेव हे जुनं गाव. चारी बाजूंनी इमारती उठल्या, मिठागरं आणि भातशेती गेली, तरी गावाच्या काही खोडी गेल्या नाहीत. त्यातली एक अशी की घरपट्टीवरचं नाव कुणी बदलत नाही. बदलायला गेलं की वाटणीचा विषय निघतो, आणि तो निघाला की गणपतीत चार भाऊ एका पंगतीला बसत नाहीत. त्यामुळे माणूस जातो, नाव राहतं. आमचं घर माझ्या सासऱ्यांच्या, हरिश्चंद्रांच्या नावावर. ते जाऊन चार वर्षं झाली. नोंदीत नंबरही त्यांचाच, जो आम्ही कधीच बंद केला होता. मी, त्यांची सून, तो नंबर यादीत भरला आणि पुढच्या ओळीवर गेले. नंबर मला पाठ होता, म्हणून हात जरासुद्धा अडखळला नाही.

मागच्या जुलैत भरती आणि पाऊस एकाच दुपारी आले. मेसेजची सोय आराखडा छापायच्या आधीच सुरू केली होती; इशारा दोन तास आधी सुटला, यादीप्रमाणे अगदी व्यवस्थित. गल्लीतले पुरुष कामावर, माझा नवरा कुलदीप अंधेरीला. काहींनी मेसेज बघितला, काहींनी नाही, आणि काही बघायला या जगातच नव्हते. घरी होती माझी सासू आणि माझी तीन वर्षांची भूमिका. मी कशीबशी पोचले तेव्हा दोघी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसलेल्या, खाली कमरेएवढं काळं पाणी, आणि सासू पोरीला डब्यातले शेंगदाणे मोजायला लावत होती. अडीच तास तिने शेंगदाणे मोजून घेतले.

यादी मी केली होती हे मी आठ दिवस कुणाला बोलले नाही. मग सासूला सांगितलं, रडत रडत. ती म्हणाली, "नंबर बदल आनी जेव."

मी आमचा नंबर बदलला. एकशे एकोणचाळीस उरले.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. तिसऱ्या प्रकरणात एक पान. इशारा घरात जी बाई असते तिच्यापर्यंत जायला हवा, आणि तो कसा न्यायचा हे गल्लीतल्या बायकांनी ठरवायला हवं. कारण त्यांची वाट आधीच तयार होती. मी ती रोज ऐकत होते.

आमच्याकडे नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. गल्लीत लाइन शिरते ती आमच्या दारापाशी, त्यामुळे नळात हवा फुसफुसायला लागली की पहिलं कळतं माझ्या सासूला. तिचं नाव सुलू, सगळ्यांची सुलूकाकी. ती कालथा घेते आणि बाहेरच्या लोखंडी पाइपवर दोनदा हाणते. ते ऐकून शालू मागच्या भिंतीवर थापटते. शालूच्या थापेवर कृतिका, तळमजल्यावरची तरुण भाडेकरीण, जिन्यात हाक मारते. तिथून पुढे कुणी खिडकीतून, कुणी गच्चीवरून. कोण कुणाला कळवणार हे ठरलेलं, कुठेही लिहिलेलं नाही. सहा मिनिटांत गल्लीतलं शेवटचं घर बादली लावून उभं असतं. पुरुषांना वाटतं, बायकांना पाण्याचा वास येतो.

हे मी भूपेशभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "छान आहे. आठव्या चॅप्टरमध्ये टाक ना, तिथे जागा खूप आहे."

"आठव्यात नको साहेब, तिसऱ्यात हवं. पाणी घरात शिरल्यावर आठवं प्रकरण कुणी उघडत नाही."

"तिसरा टेक्निकल आहे, स्वप्नाली. त्यात डेटा लागतो, प्रूफ लागतं. तुझी सासू म्हणजे डेटा नाही."

"मग तालीम घेऊ," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, खालच्या फरसाणवाल्यालाही ऐकू गेला असेल. "एकीकडे तुमचा मेसेज, दुसरीकडे माझी सासू."

ते हसले, पण हो म्हणाले. अट साधी ठरली. गुरुवारी अकराच्या ठोक्याला दोन्ही इशारे सुटणार. पंधरा मिनिटांत किमान शंभर घरांतलं एकेक माणूस गावातल्या शाळेच्या हॉलमध्ये आलं पाहिजे. पुरात आसरा तोच हॉल होता. शंभर झाले तर माझं पान तिसऱ्या प्रकरणात. नाही झाले तर मसुदा आहे तसा त्याच संध्याकाळी पाच वाजता छपाईला जाणार, आणि पाच वर्षं कुणी त्याला हात लावणार नाही.

बुधवारी दुपारी मी आणि सासूने दारोदार सांगितलं. उद्या अकराला पाइप वाजला की नळाकडे जायचं नाही, शाळेकडे यायचं. सगळ्या हो म्हणाल्या. शालूने तर मला दोनदा म्हणून दाखवलं, शाळा, शाळा.

एक गोष्ट मी हिशेबात धरली नाही. मंगळवारपासून नळ कोरडे होते.

गुरुवारी अकराला पाच कमी असताना भूपेशभाई शाळेच्या हॉलमध्ये टेबल-खुर्ची टाकून बसले. माझी सहकारी इशिता हातात टॅब घेऊन गल्लीभर फिरणार होती, कुठल्या घरात निरोप किती वाजता पोचला ते टिपायला. मी दारात उभी. सासूने पदर खोचला, कालथा उचलला आणि माझ्या घड्याळाकडे बघत राहिली.

अकरा. खण, खण.

शालूची थाप आली, लगेच कृतिकाची हाक, मग तिसरी, मग गच्चीवरून कुणीतरी ओरडलं. आवाज गल्लीतून पळत सुटला. दारं उघडली. चपला वाजल्या. इशिता लांबून अंगठा दाखवत होती, टॅबवर घरं पटापट हिरवी होत होती. मी चक्क उड्या मारल्या. चौतिसाव्या वर्षी, गल्लीच्या मधोमध.

मग प्लास्टिकचा ड्रम ओढल्याचा आवाज आला. पाठोपाठ दुसरा. मग पाण्याची मोटार सुरू झाली, आणि तिच्या मागे आणखी चार. मी कृतिकाच्या दारात डोकावले. ती उकिडवी बसून नळाच्या नळीला तोंड लावून ओढत होती, पाणी यावं म्हणून. शालूने तीन हंडे ओळीने मांडले होते. मी मागे वळले. माझी सासू, जिने स्वतःच्या हाताने खोटा इशारा दिला होता, तीही नळाखाली कळशी धरून उभी होती.

"आई," मी म्हटलं.

तिने कळशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हात गेला गं," ती म्हणाली.

दोन दिवसांच्या तहानेपुढे माझी बुधवारची शिकवणी कुणाच्या लक्षात राहणार होती? पाइप वाजला की बाईने नळाशी जायचं, हे त्या गल्लीत नवी नवरी पहिल्या आठवड्यात शिकते. तो हात मी एका दुपारच्या गप्पांनी फिरवायला निघाले होते.

सव्वाअकराला हॉलमध्ये तीन माणसं होती. त्यातला एक शाळेचा शिपाई, तो तिथलाच.

भूपेशभाईंनी टॅब बघितला. "मेसेजला अकरा घरांतून उत्तर आलं. एक जण तर नाशिकचा निघाला, कुणाचा तरी जुना नंबर त्याच्याकडे गेलाय. विचारतोय, माझ्याकडे पाणी कुठून येणार." ते हसले नाहीत. "आणि तुझ्या साखळीने सहा मिनिटांत एकशे बत्तीस घरं गाठली. मानलं. पण निरोप पोचला, माणसं नाही पोचली. अट हॉलची होती, स्वप्नाली."

"साहेब, परत एकदा घेऊ."

"पाच वाजता छपाई आहे. आणि आता तुझ्या गल्लीत परत कुणी ऐकेल?"

ते खरं होतं. शाळेच्या फाटकापर्यंत बायकांचा कालवा ऐकू येत होता. पाणी नसताना पाइप कुणी वाजवला? एका इमारतीची मोटार कोरडी फिरून जळाली होती. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. भूपेशभाईंचा, नळाचा, शालूचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. पुन्हा एकदा मी सगळं नीट केलं होतं आणि पुन्हा माणसं घरातच राहिली होती. मी इशिताला उगाचच ओरडले आणि गल्लीत परत आले.

सासू पाइपाशी उभी होती. भोवती दहा-बारा बायका, सगळ्यांच्या हातात रिकामी भांडी, तोंडाला खळ नाही. ती शांतपणे ऐकून घेत होती. मला बघून म्हणाली, "साहेब कुठं हाय?"

"हॉलमध्ये. निघालेत."

"त्याला धा मिन्टं धरून ठेव. चहा पाज न्हायतर पाया पड. जा."

"काय करणार तुम्ही?"

"तू जा गं."

मी धावत गेले. भूपेशभाई बॅग खांद्याला लावत होते. मी शिपायाला चहा आणायला पिटाळलं आणि बोलत सुटले. काय बोलले ते देव जाणे. भरतीची वेळ, उताराची पातळी, दुसऱ्या प्रकरणातला एक चुकलेला तक्ता. ते घड्याळ बघत होते, मी तोंड चालवत होते. अकरा सत्तावीस. अकरा एकतीस. चहा आला. त्यांनी कप तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला, कारण बाहेरून आवाज येत होता.

फाटकातून बायका येत होत्या. पहिल्यांदा दहा, मग तीस, मग मोजता येईनात. हंडे, कळशा, बादल्या, एकीने तर पाण्याचं पिंपच आडवं करून गडगडत आणलं होतं. कडेवर पोरं. एकीच्या हाताला कणीक. पुढे शालू, तिचा चेहरा लालबुंद. कृतिका नळी खांद्यावर टाकून आली होती. मागून म्हाताऱ्या, त्यांना धरून सुना. हॉल भरला, व्हरांडा भरला. गल्लीपासून त्यांच्यासोबत आलेली इशिता दारात उभी राहून बोटं नाचवत मोजत होती. घामाघूम झालेली, पण हसत.

"साहेब, दोन दिवस नळाला थेंब न्हाय," शालूने सुरुवात केली. "आनी वर आमची चेष्टा करताव?"

"बेन, मैं पानीवाला नहीं हूँ," भूपेशभाई घाबरून हिंदीत गेले. "मी आराखडा बनवतो. आराखडा."

"मग आराखड्यात नळ लिहा," कृतिका म्हणाली.

पुढची चार मिनिटं त्यांना एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. माझी सासू सगळ्यांत शेवटी आली. ती गर्दीतून वाट काढत टेबलाशी गेली आणि म्हणाली, "घड्याळ बघा, साहेब."

इशिताने ओरडून सांगितलं, "पहिली बाई निघाल्यापासून नऊ मिनिटं. एकशे अठरा घरं."

मला रडू फुटलं. लाज नाही वाटली. एकशे अठरा.

भूपेशभाई खुर्चीत बसले. "पण ही तालीम नाही ना, काकी. या सगळ्या भांडायला आल्यात."

"आल्या ना? घरातून निघाल्या ना?"

"तुम्ही त्यांना सांगितलं काय?"

"पाइप न्हाय वाजवला. एकेकीच्या दारात गेलो. पाण्याचा साहेब शाळंत बसलाय, तो पळायच्या आत चल, आनी पुढच्या दारातलीला हाताला धरून आन. तिला आनल्याबिगर तू येऊ नको." सासूने पदराने मान पुसली. "पुरात बी कोन हौसंनं घर सोडनार हाय? काय सांगितलं म्हंजे कोन उठंल, ते आमाला म्हाईत. तुमच्या फोनला न्हाय म्हाईत."

भूपेशभाईंनी खिशातून मोबाइल काढला आणि छापखान्यात फोन लावला. "तिसरा चॅप्टर थांबवा. हां, फक्त तिसरा. एक पान वाढतंय." फोन ठेवून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "बोल आता, काय लिहायचं त्या पानावर?"

दहा महिने मी ते पान मनात लिहीत होते. पण मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी सवयीने पुढचा प्रश्न केला. "एकशे चाळीसमधून एकशे अठरा. बावीस घरं आली नाहीत. त्यांचं काय?"

"बावीस न्हाय," शालू म्हणाली. भांडण ती विसरून गेली होती. "तीन घरं बंद हायती, गावाला गेलीत. एकोनीस."

"हां, एकोणीस. ती का नाही आली?"

आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. शालूची वेगळी राहणारी सून, बारा दिवसांची बाळंतीण, दुसरा मजला. वळणावरचे आजोबा, खाटेसकट उचलावे लागतात, चार माणसं लागतात, दुपारी चार पुरुष गल्लीत नसतात तर आठ बायका लागतील. दोन बहिणी, दोघींना ऐकू येत नाही, त्यांना दिवा चालू-बंद करून सांगायचं. एक जण डायलिसिसवर, सोमवार-गुरुवार घरी नसतो. एक पोरगी, पाळीत तिला शाळेच्या हॉलमध्ये यायला नको वाटतं, कारण इथल्या संडासाला कडी नाही. ही यादी आमचं ऑफिस दोन वर्षं गोळा करत होतं. फॉर्म छापले होते, ते ढिगाने पडून होते. इथे ती चार मिनिटांत तोंडातून पडत होती.

भूपेशभाईंनी पेन काढला. टॅब बाजूला ठेवला आणि कागदावर लिहायला लागले. "एकेक, एकेक. हळू सांगा ना, काकी."

"पानी काय हळू येनार हाय?" सासू म्हणाली, आणि सांगत राहिली.

अठरा झाले. भूपेशभाईंनी वर बघितलं. "एकोणिसावं?"

इतका वेळ कालवा करणाऱ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग कृतिकाच बोलली.

"पिवळ्या दाराची. तिचा नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावतो. चावी त्याच्या खिशात असते."

मी त्याच गल्लीत राहते. रोज सकाळी नऊला त्या पिवळ्या दारावरून रिक्षा पकडायला जाते. कुलूप दिसलं की घरात कुणी नाही, असंच मी समजत आले होते.

"मागच्या पुरात?" भूपेशभाईंनी विचारलं.

"आतच होती," शालू म्हणाली. "छातीपतूर पानी. म्हनून पावसाळा सरल्यावर आमी तिच्या मागच्या खिडकीचा एक गज सैल करून ठेवलाय. त्याला म्हाईत न्हाय."

भूपेशभाईंचा पेन कागदावर टेकलेला होता, पण चालत नव्हता. "हे मी कशात टाकू?" ते मला विचारत होते, की स्वतःला, कळलं नाही. "अपंग नाही, आजारी नाही. हिला कॉलमच नाही."

सासू टेबलावर वाकली. तिला वाचता येत नाही. तिने कागदाच्या अगदी वरच्या, रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"तिला पयली लिवा," ती म्हणाली.

भूपेशभाईंनी वर एक ओळ आखली आणि लिहायला सुरुवात केली.